बारा झाकणं

दयाराम मेश्राम, म्हणजे आमचे मेश्रामकाका, आणि त्यांच्या घरच्या कौसाकाकू. ही दोन नावं आधी लिहिते, मगच पुढे जाते. पुढचं सांगताना मी स्वतःला थोडं सोडवून घेईन, माणूस घेतोच. म्हणून हे अगोदरच लिहून ठेवलेलं बरं, की बालाघाटात मला ज्यांनी ठेवून घेतलं, दोन वेळचं खाऊ घातलं, हाताला काम शिकवलं आणि एका सकाळी माझ्या वाट्याचं बोलणं स्वतःच्या अंगावर घेतलं, ते हे दोघं. माझ्या नात्यातले ते कोणी नव्हते.

मी मेहकरकडची. नववीत गणितात दोनदा उडाले आणि बाबांनी दप्तर माळ्यावर टाकलं. थोरल्या बहिणीचं बाळंतपण करायला म्हणून मी मध्य प्रदेशात, बालाघाटजवळच्या भरवेलीला आले, भाऊजी तिथे खाणीत होते. बाळ चालायला लागलं तोवर भाऊजींची बदली उकव्याला झाली, तिथे मिळालेली खोली एकच, तीत माझी चटई मावेना. बाबांनी निरोप पाठवला, तिकडं काही जमत असलं तं राह्य, नाही तं ये, कापूस वेचाले बाया कमीच पडून राह्यल्या. बाबांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. पण त्या एका निरोपानं माझी झोप गेली. परत जायचं म्हणजे ज्या वर्गातून उठले त्या शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या वावरात दिवसभर वाकायचं, आणि सुटी झाली की बरोबरच्या पोरी दप्तरं घेऊन समोरून जाताना पाहायच्या. मला ते नको होतं. बहिणीनं ओळखीतल्या कौसाकाकूंना विचारलं, त्यांनी काकांना विचारलं, आणि काकांनी मला एकच गोष्ट विचारली, "कान चांगले हायेत का तुहे?"

काका तरुणपणी खाणीत ड्रिल मशीनवर होते. त्यात दोन्ही कान गेले. पुढे ते विजेची कामं शिकले, मग रेडिओ, मग टीव्ही, आणि म्हातारपण जवळ आलं तेव्हा कॉम्प्युटर. हात इतके हुशार की बोर्डावर नुसतं बोट फिरवून कुठलं कपॅसिटर फुगलंय ते सांगायचे. पण कॉम्प्युटर बिघडला की तो बोलतो, आणि तेच नेमकं काकांना ऐकू येत नसे. चालू करताना एक बारीक टूं वाजला तर बरं. तीनदा वाजला तर मेमरी. एक लांब आणि दोन आखूड वाजले तर चित्र दाखवणारं कार्ड. माझं पहिलं काम एवढंच होतं, मशीनपाशी उकिडवं बसायचं, टूं मोजायचे आणि काकांच्या दंडावर बोटानं तेवढ्याच वेळा टकटक करायची. लांब असेल तर बोट दाबून धरायचं. दोन महिन्यांत मला आवाजांवरून पंखा कोरडा पडलाय की हार्ड डिस्क मरायला टेकलीय ते कळायला लागलं. नववी नापास पोरीला कोणी आपले कान म्हणून ठेवून घ्यावं, याचा मला त्या वयात फार अभिमान वाटायचा, आणि त्याच्या दुप्पट भीती. वाटायचं, एक टूं चुकला की चालले मी मेहकरला.

दुकान म्हणजे घराचीच पुढची सपरी. तिला रस्त्याच्या बाजूनं अर्धी भिंत होती, मधे फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यामागे काकूंचं राज्य. पडद्याच्या एका बाजूनं गरम झालेल्या सोल्डरचा वास यायचा आणि दुसऱ्या बाजूनं लाखोरीच्या डाळीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा. इथे दोन्ही वेळा भात. मला पहिले सहा महिने भातानं जेवल्यासारखं वाटेना. हात आपोआप भाकरीचा तुकडा मोडायला जायचा आणि भातात अडकायचा. काकूंनी ते पाहिलं असावं. एके दिवशी कुठून तरी ज्वारीचं पीठ मिळवून त्यांनी भाकरी थापली, ती तव्यावरच तीन ठिकाणी फाटली, आणि त्या मला म्हणाल्या की तुमच्याकडची माती चिकट असंन, आमचं पीठच बसून राह्यत नाही. श्रावणात त्या कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या करायच्या, त्यांत मात्र माझ्या आईलाही त्यांचा हात धरता आला नसता. काकू दिवसभर काकांशी बोलत असायच्या. काकांना ऐकू येत नाही हे त्यांना लग्नानंतर पाच वर्षांनी पक्कं ठाऊक झालं होतं, तरी. कधी विचारलं तर म्हणायच्या, हौ, म्हणून तं एवढे वर्ष निभलं.

आता त्या मशिनींबद्दल लिहायला हवं, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. नागपूरहून जुन्या मशिनी यायच्या, कुठल्या तरी मोठ्या ऑफिसांनी टाकून दिलेल्या. काळ्या, जड, एकीसारखी दुसरी. त्यांची खुबी अशी की उघडायला पेचकसच लागत नसे. वरचा खटका मागे ओढला की बाजूचं अख्खं झाकण हातात. आत जिथे हात घालायचा तिथे तिथे हिरवं प्लास्टिक. हिरवी पट्टी दाबा, डिस्क सुटली. हिरवा कान उचला, कार्ड सुटलं. काका आयुष्यभर शर्टाच्या खिशात पेनासारखा पेचकस बाळगणारे, त्यांना हे मुळीच पटत नसे. ते म्हणायचे, ज्या पेटीले पेच नाही तिच्यावर भरोसा नाही. मी हसायचे. मला तो खटका आवडायचा. पण दोन उन्हाळे गेले आणि ते हिरवं प्लास्टिक बालाघाटच्या उन्हात पापडासारखं झालं. नुसतं दाबलं की कट् करून तुकडा हातात. सुटा भाग बाजारात कुठेच मिळेना. स्क्रूचं भोकच दिलेलं नाही, मग आवळणार काय? मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून डिस्का बांधल्या, रबरबँड लावले, एकदा तर काकूंच्या वेणीची रिबीन. आणि पेचकस लागत नाही म्हटल्यावर जो तो घरी उघडून बघायचा. कोणी आत फुंकर मारायचा, कोणी मेमरीची पट्टी काढून उलटी दाबायचा, आणि मग दुकानात येऊन शपथ घ्यायचा की हातसुद्धा लावला नाही. मशीन मात्र चालू केल्याबरोबर पडद्यावर इंग्रजीत तक्रार करायची की मागच्या वेळी झाकण काढलं गेलं होतं, पुढे जायचं तर अमुक बटण दाबा. ते वाक्य मी इतक्यांदा पाहिलं की पुढे पुढे न वाचताच बटण दाबायला लागले. कोणतं झाकण काढलं, ते काही मशीन सांगत नसे.

बालाघाट जिल्ह्यातल्याच खैरलांजीच्या बाजूला एक लहानशी खाजगी शाळा होती. तिच्या बारा मशिनी दिवाळीच्या सुटीत साफसफाईला आल्या. शाळेचे कटरे सर जपून वागणारे गृहस्थ. टेबलं, बाकं, घंटा, सगळ्यावर नंबर घालायची त्यांची पद्धत, तसे मशिनींवरही त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं एक ते बारा आकडे रंगवून घेतले होते, नेमके बाजूच्या झाकणावर. सोबत चिठ्ठी: एक, दोन, तीन यांत व्हायरस आहे, पुसून कोऱ्या करा, बाकीच्यांची फक्त धूळ काढा, बारा नंबर ऑफिसची आहे, तिच्यातलं काही हलवू नका.

काकांचा नियम होता, एक उघड, एक मीट. दुसरी तोवर उघडायची नाही. आणि पुसायच्या आधी एकदा चालू करून आत काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. नियम मला पाठ होते. पण त्या दिवशी काका-काकू भाच्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गोंदियाला गेलेले, मी एकटी, आणि बाराला लाईट जायची ती तीनला यायची. धूळ उडवायचा ब्लोअर विजेवरचा. मला वाटलं, काका येईपर्यंत बाराच्या बारा चकचकीत करून दाखवू. म्हणून मी मशिनी ओळीनं मांडल्या आणि खटका, झाकण, खटका, झाकण करत सगळ्या उघडून टाकल्या. मनात आलं होतं, पेच असते तर एवढ्यात दोनसुद्धा उघडल्या नसत्या. पेच असते तर दोनच उघडल्या असत्या, हे मला त्याच आठवड्यात कळणार होतं. झाकणं भिंतीपाशी एकावर एक रचली, रंग खरवडू नये म्हणून आकड्याची बाजू खाली करून. एकचं सर्वांत खाली, बाराचं सर्वांत वर. अंगणभर धूळ उडाली, त्यात खडूची भुकटी, मेलेल्या पाली, एका मशिनीत तर चिंचोके. लाईट गेली तेव्हा मी झाकणं लावायला घेतली. पहिल्या मशीनपाशी बसले आणि ढिगावरचं पहिलं झाकण उचललं.

एवढंच झालं. ढिगातलं वरचं झाकण बाराचं होतं, ते एक नंबरच्या मशिनीवर बसलं, आणि तिथून सगळं उलटं. शेवटी बारा ते एक अशी उलटी ओळ समोर दिसली तेव्हा मला वाटलं, सकाळी आपण उजवीकडून मांडली असेल. तीनला लाईट आली. मी एक, दोन, तीन लिहिलेल्या मशिनी घेतल्या, सीडी घातली, ते नेहमीचं वाक्य आलं, न वाचता बटण दाबलं आणि पुसल्या. आत बघितलं नाही. काका यायच्या आत संपवायचं होतं.

मशिनी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कटरे सर दोन मशिनी जीपमध्ये घालून परत आले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही मशिनी सपरीत ठेवल्या, चष्मा पुसला आणि हळू आवाजात हिंदीतच सांगितलं की बारा नंबर लावली तर तीत मुलांची चित्रं निघाली, आणि एक नंबर लावली तर ती कोरी आहे. दहावीच्या अडतीस मुलांचे परीक्षेचे फॉर्म, फोटो, सह्या, सगळं ऑफिसच्या मशिनीत भरून ठेवलं होतं. नऊ दिवसांनी परीक्षा मंडळाला त्याची सीडी द्यायची होती. ते मला म्हणाले, जे काकांना ऐकू आलं नसेल ते कागदावर लिहून दे. मी लिहिलं. अक्षर इतकं वाईट आलं की मलाच वाचता येईना.

काकांनी कागद वाचला. मग दोन्ही मशिनींचे खटके ओढले. एक नंबर लिहिलेल्या मशिनीच्या पोटात जुन्या प्रिंटरसाठी बसवलेलं कार्ड होतं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं ऑफिसच्या मशिनीत बसवलं होतं. त्यांनी ते पाहिलं. हातातली दोन्ही झाकणं जमिनीवर ठेवली, आकड्याची बाजू खाली, एकावर एक. वरचं उचललं, परत ठेवलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. माझ्या डोक्यात त्या क्षणी अडतीस मुलं नव्हती हो. मेहकरची एसटी होती.

"सर, माह्या हातून झालं," काका म्हणाले. "झाकणं म्याच बदलवले."

बहिऱ्या माणसाला हळू खोटं बोलता येत नाही. समोरचा पानवाला, सायकलवर थांबलेले दोघं, शेजारच्या शिलाईवाल्या बाई, सगळ्यांनी ते ऐकलं. मी तोंड उघडलं असेन, कारण काकांनी माझ्याकडे न बघताच पुढचं वाक्य टाकलं, "रंजू, आत जाय. सरले चहा मांडाले सांग काकूले."

आणि मी गेले. माझ्या आयुष्यात मी कितीतरी वेळा तो पडदा बाजूला करून परत सपरीत आले आहे, मनातल्या मनात. त्या दिवशी आले नाही. काकूंनी माझं तोंड बघितलं आणि पातेलं चढवलं. बाहेर कटरे सर म्हणत होते, उम्र हो गई है मेश्रामजी, अब छोड़ दीजिए. ते काकांना ऐकू गेलं नाही. मला गेलं.

पुढचे तीन दिवस काका आणि मी त्या पुसलेल्या डिस्कमधून काही परत येतं का ते बघत बसलो. जी सीडी मिळाली ती लावली. फाईली आल्या त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. उघडाव्या तर अर्ध्या. मुलांचे फोटो नाकापर्यंत यायचे आणि खाली राखाडी. डोळे, कपाळ, तेल लावून चापून बसवलेले केस, बस. कोणाचे ते ओळखू येईना. दर वेळी मला वाटायचं, पुढची फाईल पूर्ण उघडेल, आणि दर वेळी तोच राखाडी पट्टा. मी चिडून कीबोर्ड आपटला. काकांनी तो उचलला, उलटा करून झटकला आणि परत माझ्यापुढे ठेवला. ते मला रागावले असते तर मी सगळं बोलून टाकलं असतं, असं मी नंतर बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं आहे असं आता वाटत नाही.

चौथ्या दिवशी काकांनी मला शाळेत पाठवलं, फॉर्म पुन्हा भरायला. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. मास्तर लोक मोटारसायकलनं गावोगाव फिरून फोटो आणि सह्या जमा करत, मी टाइप करत बसे. नावं, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. ज्या परीक्षेपर्यंत मी पोचलेच नाही तिचे फॉर्म. कटरे सर डब्यातली पोळी अर्धी करून मला द्यायचे आणि एकदा सगळ्या मास्तरांसमोर म्हणाले, "काका की गलती ये बच्ची भर रही है. इसे कहते हैं संस्कार." मास्तरांनी मान डोलावली. मी पोळी गिळली. तो घास अजून कुठेतरी आहे.

सदतीस फॉर्म झाले. एक राहिला. गणेशी नावाची मुलगी, तिचं घर कुलूप लावून नागपूरकडे कामाला गेलं होतं, तिचा फोन नंबर कोणाकडे नव्हता, शाळेत तिचा दुसरा फोटो नव्हता. सरांनी दोन दिवस माणसं धाडली. मुदत संपली. तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती बसली की नाही, मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

शाळेच्या मशिनी पुन्हा आमच्याकडे आल्या नाहीत. हळूहळू इतरांच्याही कमी झाल्या. मेश्रामचे कान तं गेलेच होते, आता डोकंही गेलं, असं लोक म्हणायचे, आणि काकांच्या समोरच म्हणायचे, कारण त्यांना ऐकू येत नाही हे सर्वांना माहीत होतं. मी त्यांचे कान होते. हे सांगायला कोणत्या टकटकीची सोय नव्हती. आणि माझं? माझं चांगलं झालं. कटरे सरांनीच आपल्या ओळखीच्या एका ट्रेनिंग सेंटरात माझं नाव सांगितलं, मेहनती आणि जबाबदार मुलगी म्हणून. तिथून नागपूर, नागपूरहून औरंगाबाद. एका मोठ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आज माझ्या हाताखाली सहा माणसं आहेत. कोणी दोन मशिनी एकदम उघडल्या तर मी जरुरीपेक्षा जास्त बोलते. त्यांना वाटतं बाईचा स्वभाव तिरसट आहे.

बालाघाट सोडायच्या आदल्या दिवशी मी काकांना म्हटलं, म्हणजे कागदावर लिहिलं, की मी जाऊन कटरे सरांना खरं सांगते. ते कागद वाचून पेचकसानं नख कोरत बसले.

"काहून?" ते म्हणाले.

मी लिहिलं, तुमचं नाव खराब झालं म्हणून.

"माह्यं नाव झालं बनून, खराबही झालं, आता किती दिस राह्यलं त्याचं," काका म्हणाले. "तुह्यं तं अजून लिवलंच नाही कोणी. त्या दिवशी तुह्यं नाव निंघालं असतं तं लोकायनं म्हटलं असतं, पोरीले मशीन द्याचीच नाही. मंग तुले या गावात कोणी झाकण उचलू देल्लं नसतं. माह्यावालं फक्त दुकान गेलं."

मी रडायला लागले तर म्हणाले की आता रडू नोको, मले त्याचाही आवाज येत नाही, फुकट जाऊन राह्यलं.

काकू गेल्या त्याला चार वर्षं झाली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. काका ऐंशीच्या पुढे आहेत, एकटे आहेत, आणि त्यांच्याशी फोनवर बोलता येत नाही. शेजारच्या शिलाईवाल्या बाईंच्या मुलीकडून ख्याली-खुशाली कळते. दर दिवाळीला मी कपडे पाठवते, फराळ पाठवते, आणि दर वेळी वाटतं की हे सगळं आपण पडद्याआडून पाठवतोय. कटरे सरही आहेत, खैरलांजीलाच, निवृत्त होऊन. दरवर्षी जाईन म्हणते आणि दरवर्षी ऑफिसात काहीतरी बिघडतं. खरं म्हणजे आजही भीती वाटते. आता मला कोणी मेहकरला पाठवू शकत नाही, तरीही.

पण या उन्हाळ्यात जाईन. काकांना सोबत घेऊन कटरे सरांच्या अंगणात बसेन आणि ती झाकणं कोणी बदलली ते सांगेन. काकांना ऐकू यावं म्हणून कागदावरही लिहून देईन, या वेळी वाचता येईल अशा अक्षरात. गणेशी कुठे आहे तेही विचारेन. कापडचोपडानं हे फिटत नाही, काका. तुमचं नाव तुम्हाला परत करीन, तुमच्या डोळ्यांदेखत. तेवढ्यापुरते थांबा.